बाजारात उभा राहणारा माणूस : युरोपातल्या जहाल उजव्या पक्षांची तळातली बांधणी

उत्तरवारा

नमस्कार मंडळी,

हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. फ्रान्सच्या उत्तर टोकाला, लीलमध्ये राहून मला चौदा वर्षं होत आली. युरोपातले जहाल उजवे पक्ष कसे वाढले यावर आपल्याकडे जे लिहिलं जातं त्यात दोनच कारणं सापडतात. एक म्हणजे स्थलांतरितांवरचा राग आणि दुसरं म्हणजे सभा गाजवणारा नेता. दोन्ही खरी आहेत. पण राग तर दहा गावांत सारखाच असतो, आणि नेता टीव्हीवर सगळ्यांनाच दिसतो. मग एका गावात पक्ष रुजतो आणि शेजारच्या गावात नुसती मतं पडून जातात, असं का होतं? माझं उत्तर असं की दोन निवडणुकांच्या मधल्या काळात तिथे कोण उभा होता, ते बघा.

मी जवळून पाहिलेलं गाव म्हणजे एनँ-बोमों. लीलच्या दक्षिणेला तीसेक किलोमीटरवर, वस्ती सव्वीस हजारांच्या आसपास. सगळा कोळशाचा पट्टा. लाल विटांची एकाला एक चिकटलेली खाणकामगारांची घरं, मागे परसबाग, आणि क्षितिजावर खाणीतून काढलेल्या राबिटाचे काळे डोंगर. या पट्ट्यातली शेवटची खाण, शेजारच्या ओन्यीची, डिसेंबर १९९० मध्ये बंद झाली. गावाला लागून असलेला शिसं-जस्ताचा कारखाना २००३ मध्ये मालकाने वाऱ्यावर सोडला आणि आठशेहून जास्त कामगार रस्त्यावर आले. २००७ मध्ये प्रवासी बॅगांचा कारखाना गेला. नगरपालिका पिढ्यान् पिढ्या समाजवाद्यांकडे होती. २००९ मध्ये त्यांच्याच महापौराला पालिकेच्या पैशांच्या अफरातफरीवरून अटक झाली आणि पुढे शिक्षाही झाली.

राग यायला एवढं पुरेसं होतं. पण नॅशनल फ्रंट या जहाल उजव्या पक्षाचे स्टीव ब्रिवा त्या नगरपालिकेत १९९५ पासून विरोधी बाकावर बसत होते. म्हणजे १९ वर्षं. मग मार्च २०१४ मध्ये पहिल्याच फेरीत ५०.२६ टक्के मतं घेऊन ते महापौर झाले, आणि २०२० मध्ये पुन्हा पहिल्याच फेरीत, ७४ टक्क्यांनी. पक्षाच्या नेत्या मरीन ल पेन तिथून खासदार झाल्या त्या २०१७ मध्ये. २०१२ मध्ये त्या तिथेच ११८ मतांनी पडल्या होत्या. बाहेरून आलेली मोठी पाटी आधी पडली आणि गावातला माणूस आधी निवडून आला, हा क्रम माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

२०१४ च्या निवडणुकीआधीच्या हिवाळ्यात मी एका सहकाऱ्याबरोबर तिथल्या आठवडी बाजारात गेलो होतो. भुरभुर पाऊस. कोंबडी भाजणाऱ्याच्या गाडीशेजारी निळं जाकीट घातलेला एक कार्यकर्ता उभा. हातातल्या पत्रकांच्या कडा ओल्या होऊन वळल्या होत्या. चाकांची पिशवी ओढत एक म्हातारी आली. त्याने पत्रक पुढे केलंच नाही. आधी विचारलं, "गुडघा कसा आहे?" मग ती तिच्या गल्लीतल्या बंद दिव्याबद्दल बोलायला लागली. त्याने खिशातून छोटी वही काढली, गल्लीचं नाव आणि घरनंबर लिहून घेतला, आणि जाता जाता पत्रक तिच्या पिशवीत भाजीवर ठेवलं. स्थलांतरित हा शब्द त्या दहा मिनिटांत एकदाही निघाला नाही. पत्रकावर मात्र तोच विषय होता. माझा सहकारी जन्माने त्याच गावचा, आयुष्यभर डावीकडे मत देणारा. तो म्हणाला, "हे लोक निवडणूक नसतानाही येतात. आमचे टपालाने येतात."

स्पष्ट सांगतो, या पक्षाचं 'आधी आपले नागरिक' हे धोरण घर आणि भत्ते देताना माझ्यासारख्या परक्याला रांगेत मागे ढकलण्याचं आहे. मला त्यांचं कौतुक नाही. पण आपल्याला जे नको आहे ते कसं उभं राहतं, हे समजून घ्यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आणि हेही खरं की ही मुळं सगळ्या फ्रान्सभर नाहीत. १९९८-९९ मध्ये ब्रूनो मेग्रे फुटून निघाले तेव्हा तालुक्या-जिल्ह्यातले अनेक घडलेले पदाधिकारी घेऊन गेले. ती पोकळी भरायला पक्षाला कितीतरी वर्षं लागली. २०२४ च्या अचानक आलेल्या लोकसभा निवडणुकीत १२५ जागा मिळाल्या खऱ्या, पण मतदारसंघ ५७७. कित्येक ठिकाणी कोणी ओळखत नाही असे उमेदवार उभे केले गेले. एका उमेदवाराचा नाझी काळातली लष्करी टोपी घातलेला फोटो बाहेर आला आणि तिला माघार घ्यावी लागली. कळपात काही खरजुली मेंढरं निघाली, अशी कबुली पक्षाध्यक्ष बार्देलांनाच द्यावी लागली. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

इतर देशांत राहणाऱ्यांनी आपापल्या ठिकाणचं लिहावं. ऐकायची फार इच्छा आहे.

---

कृष्णाकाठ

उत्तम धागा. वाचताना सारखा आपल्याकडचा शाखेचा फळा आणि ॲम्ब्युलन्सचा नंबर आठवत होता. दाखला हवा, नळाला पाणी नाही, पोराला शाळेत प्रवेश मिळेना, की माणूस आधी शाखेत जातो. विचारसरणी नंतर कळते, किंवा कळतही नाही. एक शंका आहे. फ्रान्समध्ये सरकारी कामं नियमाने होतात असं ऐकून आहे. मग तिथे मध्यस्थ माणसाची गरज का पडते?

---

उत्तरवारा

@कृष्णाकाठ, कामं नियमाने होतात, पण ते नियम समजावून सांगणारा खिडकीमागचा माणूस गेला. गावातलं पोस्ट, कराचं कार्यालय, रेल्वेची तिकीट खिडकी एकेक करून कमी झाली आणि सगळं ऑनलाइन आलं. सत्तरीच्या बाईला अर्ज नाकारला जाण्याची भीती नसते. अर्ज भरताच येत नाही, ही तिची अडचण असते. पूर्वी हे काम कम्युनिस्टांचे आणि युनियनचे लोक करत. खाण बंद झाली तशी युनियन संपली आणि ती खुर्ची रिकामी राहिली.

---

डाइकवरून

नेदरलँड्समधून लिहिते आहे, आल्मेरेत राहते. तुमचं म्हणणं पटलं तरी आमचं उदाहरण अगदी उलटं आहे, म्हणून मांडते.

खेर्त विल्डर्स यांच्या पीव्हीव्ही पक्षाला सदस्यच नाहीत. अतिशयोक्ती नाही, कायद्याने पक्षाचे एकमेव सदस्य विल्डर्स स्वतः आहेत. तुम्ही देणगी देऊ शकता, पत्रकं वाटू शकता, पण सदस्य होऊ शकत नाही. खासदारसुद्धा सदस्य नाहीत. अधिवेशन नाही, अंतर्गत निवडणूक नाही. सरकारी अनुदानासाठी किमान १००० सदस्य लागतात, म्हणून ते अनुदानही मिळत नाही, आणि तरी विल्डर्सनी हा मार्ग सोडला नाही. कारण २००२ मध्ये पिम फोर्टाउन यांच्या हत्येनंतर त्यांच्या पक्षाची भांडणं साऱ्या देशाने पाहिली होती. संधिसाधू आत शिरतात आणि पक्ष फोडतात, हा धडा विल्डर्सनी घेतला आणि दारच बंद करून टाकलं.

आणि या बिनकार्यकर्त्यांच्या पक्षाने २२ नोव्हेंबर २०२३ ला १५० पैकी ३७ जागा घेतल्या, पहिला क्रमांक. आमच्या गल्लीत त्यांचा एकही माणूस मी कधी पाहिलेला नाही. तरी मतं पडली. मग तुमचा बाजारातला माणूस कुठे गेला?

---

उत्तरवारा

@डाइकवरून, हा प्रश्न यायलाच हवा होता. मतं मिळवायला कार्यकर्ता लागतोच असं मी म्हणत नाही. मिळालेली मतं धरून ठेवायला आणि सत्ता चालवायला लागतो. पुढे काय झालं ते तुम्हीच लिहा ना, तुम्ही तिथे आहात.

---

डाइकवरून

लिहिते.

पहिला क्रमांक येऊनही विल्डर्स पंतप्रधान होऊ शकले नाहीत, सहकारी पक्षांनी ते मान्य केलं नाही. शेवटी कुठल्याच पक्षात नसलेले, गुप्तचर खात्याचे माजी प्रमुख दिक स्खोफ पंतप्रधान झाले. पीव्हीव्हीच्या वाट्याला आलेल्या खात्यांवर बसवायला मुरलेली माणसं हवी होती, आणि खालून घडत आलेली फळीच नव्हती. जुलै २०२४ मध्ये आलेलं सरकार जून २०२५ मध्ये विल्डर्सनीच पाडलं. ऑक्टोबर २०२५ च्या निवडणुकीत ३७ च्या २६ जागा झाल्या.

गावपातळीवर तर आणखी स्पष्ट दिसतं. २०१० च्या नगरपालिका निवडणुकीत त्यांनी सबंध देशात फक्त दोन शहरं लढवली, हेग आणि आमचं आल्मेरे. आल्मेरेत सगळ्यांत मोठा पक्ष झाले. मग आणखी शहरं का नाहीत? उमेदवार कुठून आणायचे, आणि आणले तर त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार? हीरो ब्रिंकमन नावाच्या त्यांच्याच खासदाराने पक्ष सदस्यांसाठी खुला करा, युवा शाखा काढा, असा आग्रह धरला होता. कोणी ऐकलं नाही आणि २०१२ मध्ये ते बाहेर पडले.

तर मान्य. वादळ आलं, पण विहीर खणली गेली नाही.

---

मिलानकर

विषय माझ्या अगदी जिव्हाळ्याचा, म्हणून सविस्तर लिहितो. इटलीतल्या लेगाची गोष्ट ही बांधलेलं घर मोडण्याची आहे.

उंबेर्तो बोस्सींच्या काळातली लेगा नोर्द, म्हणजे 'उत्तरेची लीग', ही कार्यकर्त्यांची फौज होती. सदस्यांचे दोन प्रकार असत, 'समर्थक' आणि 'मिलितान्ते'. मतदानाचा हक्क फक्त मिलितान्तेला. नुसती वर्गणी भरून मिलितान्ते होता येत नसे. आधी राबून दाखवावं लागे. रात्री पोस्टरं चिकटवायची, शनिवारी चौकात तंबू टाकून सह्या गोळा करायच्या, उन्हाळ्यातल्या पक्षाच्या जत्रेत मोठ्या कढईत मक्याच्या पिठाची पोलेंता ढवळायची. आपल्याकडे 'सतरंज्या उचलणारा' म्हणतात ना, तोच. फरक इतकाच की इथे सतरंज्या उचलल्याशिवाय मत देताच येत नसे.

बेर्गामोजवळच्या पोंतिदाच्या कुरणात त्यांचा मेळावा भरतो, १९९० पासून. ११६७ साली तिथे उत्तरेतल्या नगरांनी सम्राटाविरुद्ध शपथ घेतली अशी आख्यायिका आहे. मी एका ओळखीच्या सुताराबरोबर एकदा गेलो होतो. हिरवे शर्ट, चिखल, सॉसेज भाजल्याचा धूर, आणि वर्षातून एकदाच भेटणारी माणसं एकमेकांच्या मुलांची चौकशी करणारी. व्यासपीठावरच्या भाषणांपेक्षा ती गर्दी मला जास्त बोलकी वाटली. आपल्या पंढरीच्या वाटेवर दिंडीतली माणसं जशी दरवर्षी तीच भेटतात, तसं काहीतरी.

एप्रिल २०१२ मध्ये पक्षाच्या खजिनदारावर आणि बोस्सींच्या घरच्यांवर पक्षनिधीच्या उधळपट्टीचे आरोप झाले, बोस्सींनी राजीनामा दिला. तेव्हा बेर्गामोच्या सभेत कार्यकर्ते हातात केरसुण्या घेऊन आले. ज्या पक्षात सभासद नाहीत तिथे ही सभा भरूच शकली नसती. ही संघटनेची ताकद.

मग डिसेंबर २०१३ मध्ये मातेओ साल्विनी आले. ४ टक्क्यांवर आलेला पक्ष त्यांनी वर काढला हे नाकारता येत नाही. २०१८ मध्ये १७ टक्के, २०१९ च्या युरोपीय निवडणुकीत ३४ टक्के. पण 'उत्तर' हा शब्द गळला, दक्षिणेत नेपल्स-सिसिलीकडे पक्ष पसरला, आणि सगळा भर सोशल मीडियावर गेला. ती यंत्रणा 'बेस्तिया', म्हणजे जनावर, या नावानेच ओळखली जायची. दक्षिणेत शाखा उभ्या राहिल्या त्या दुसऱ्या पक्षांतून आलेल्या लोकांच्या जिवावर. माझ्या सुताराने त्या सुमारास जाणं सोडलं. म्हणाला, "मी वीस वर्षं पोस्टरं चिकटवली. आता मला मोबाइलवर कळतं की पक्षाने काय ठरवलं."

२०२२ मध्ये लेगा ९ टक्क्यांच्याही खाली आली. खुद्द व्हेनेतो आणि लोंबार्दीत, म्हणजे घरच्या अंगणात, मेलोनींच्या पक्षाने त्यांना मागे टाकलं. आणि मेलोनी कोण? रोममधल्या गार्बातेल्ला या डाव्या कामगारवस्तीत, वयाच्या पंधराव्या वर्षी नव-फासिस्ट पक्षाच्या युवा शाखेचं दार ठोठावलेली मुलगी. सुरुवात तिनेही पोस्टरं चिकटवूनच केली.

---

अबोली

स्वीडनमधला एक छोटा तपशील. इथे यादीपद्धतीने निवडणूक होते. पक्षाला जागा मिळाल्या पण यादीत तेवढी नावंच नसली, तर ती खुर्ची रिकामी राहते. स्वीडन डेमोक्रॅट्सच्या बाबतीत नगरपालिकांमध्ये हे सर्रास घडलं. वर्तमानपत्रांत सभागृहातल्या रिकाम्या खुर्च्यांचे फोटो यायचे. मतदार होते, माणूस नव्हता. पण यिम्मी ओकेसन यांनी २००५ मध्ये पक्ष हाती घेतल्यापासून हे काम नेटाने केलं. सुरुवात स्वतःच्या दक्षिणेकडून केली, स्कोने आणि आसपास. २०१० मध्ये ५.७ टक्के, २०२२ मध्ये २०.५. मधल्या काळात तोंडाळ, उघड वंशवादी बोलणाऱ्यांना काढत गेले, २०१५ मध्ये तर स्वतःची अख्खी युवा संघटनाच तोडली. संघटना म्हणजे माणसं जोडणं इतकंच नव्हे, छाटणंही.

---

शिशिरपान

सगळं वाचलं. माहिती चांगली आहे, पण मला एका गोष्टीचा त्रास होतोय आणि तो बोलून दाखवते.

गुडघ्याची चौकशी, पोलेंता, वही. यातून एक गोड चित्र तयार होतं. मी २०१२-१३ मध्ये शिक्षणासाठी अथेन्सला होते. गोल्डन डॉन ही तिथली नव-नाझी संघटनाही 'तळागाळात काम' करत होती. कर्जसंकटात लोक कचराकुंड्या चाळत होते तेव्हा त्यांनी अन्नवाटप केलं. ओळखपत्र दाखवा, ग्रीक असाल तरच बटाटे आणि तेल. म्हाताऱ्यांना बँकेपर्यंत सोबत करायची माणसं द्यायचे. आणि त्याच शाखांमधून रात्री काळे शर्ट घालून टोळ्या निघायच्या. भाजी विकणारे पाकिस्तानी, इजिप्तचे मच्छीमार, यांनी मार खाल्ला. माझ्या इमारतीतला बांगलादेशी मुलगा अंधार पडल्यावर बाहेर पडत नसे. मला त्याने सांगितलं होतं, "दीदी, तूही केस झाकून पटकन ये, त्यांना भारत-बांगलादेश कळत नाही." १८ सप्टेंबर २०१३ ला केरात्सिनीत पाव्लोस फिसास या गायकाला भोसकून मारलं. ७ ऑक्टोबर २०२० ला न्यायालयाने ती गुन्हेगारी संघटना असल्याचा निकाल दिला, तेव्हा त्याच्या आईने न्यायालयाबाहेर हात उंचावून हाक मारली ती मी फोनवर पाहिली आणि रडले.

अन्नाची पिशवी आणि दंडुका एकाच खोलीत ठेवलेला होता. हे विसरून 'बांधणी' हा शब्द वापरू नये.

---

उत्तरवारा

@शिशिरपान, तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. हे माझ्या लेखात यायला हवं होतं. ती वही आणि ते पत्रक एकाच हातात होतं, एवढंच मी लिहिलं. त्यावर थांबायला नको होतं.

फ्रान्समधली पालिका आणि ती टोळी यांत फरक आहे, कायद्याचाही आणि माणसांच्या जिवाचाही. तरी मदत कोणाला द्यायची याची रेघ दोघांकडेही आखलेली असते.

---

थेम्सपार

उतारा आहे का, यावर कोणी लिहिलं नाही, म्हणून पूर्व लंडनचं सांगतो. मी इलफर्डला राहतो, शेजारीच बार्किंग आणि डॅगनम.

डॅगनमला फोर्डचा प्रचंड कारखाना. २००२ मध्ये तिथे गाड्या जोडणं बंद झालं. पालिकेची स्वस्त घरं विकून टाकलेली, नवी बांधली नाहीत, आणि लंडनमध्ये सगळ्यांत स्वस्त म्हणून बाहेरून माणसं इथेच येत होती. बीएनपी, म्हणजे ब्रिटिश नॅशनल पार्टी या जहाल उजव्या पक्षाने घरोघरी पत्रकं टाकली की आफ्रिकन लोकांना इथे घरं घ्यायला पालिका ५०,००० पाउंड देते. धादांत खोटं. पण ते खोटं आहे हे दारात येऊन सांगणारं कोणी नव्हतं. मे २००६ मध्ये त्यांचे १२ नगरसेवक आले आणि ते पालिकेत मुख्य विरोधी पक्ष झाले.

मग मजूर पक्षाच्या खासदार मार्गारेट हॉज यांनी एक साधं काम धरलं. गल्लीतल्या लोकांना पत्र पाठवून कॉफीला बोलवायचं, भाषण करायचं नाही, तक्रारी ऐकायच्या, आणि त्यांचं काय झालं ते परत कळवायचं. चार वर्षं. बरोबरीला 'होप नॉट हेट' या वंशवादविरोधी संघटनेचे स्वयंसेवक, चर्च, मशिदी, गुरुद्वारे. २०१० च्या वसंतात मीही तीन रविवार गेलो होतो. एका दारात गृहस्थ माझ्या तोंडावर म्हणाले, तुमच्यासारख्यांमुळेच मी त्यांना मत देतो. माझ्याबरोबरच्या आजीबाई तिथल्याच, जन्मापासूनच्या. त्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, चहा टाक, मला बोलायचंय. मी बाहेर भिंतीला टेकून उभा राहिलो. चाळीस मिनिटं. त्यांनी मत कोणाला दिलं माहीत नाही.

मे २०१० मध्ये बीएनपीचे अध्यक्ष निक ग्रिफिन स्वतः तिथून खासदारकीला उभे होते. तिसरे आले. पालिकेतले १२ च्या १२ नगरसेवक पडले, ५१ पैकी ५१ जागा मजूर पक्षाला.

---

मिलानकर

@थेम्सपार, ही पायरीवरची आजी पुढे अनेक दिवस आठवेल.

बेल्जियममधला एक धडाही जोडतो. तिथे व्लाम्स बेलांग या जहाल उजव्या पक्षाशी कोणीच युती करायची नाही, असा बाकीच्या पक्षांचा तीस वर्षांहून जुना करार आहे. पण निनोव्हे या गावात त्यांच्या गी द'हासलेर यांनी 'फोर्झा निनोव्हे' नावाने २०१८ मध्ये ४० टक्के घेतले, त्यांना बाहेर ठेवलं, आणि २०२४ मध्ये स्पष्ट बहुमत घेऊन ते महापौर झाले. कुंपण घालून सत्ता लांबवता येते. त्या सहा वर्षांत कुंपणाच्या आत बाकीच्यांनी काय केलं, हे शेवटी मोजलं गेलं.

---

कृष्णाकाठ

फारच समृद्ध चर्चा. एक शेवटचं विचारतो, @उत्तरवारा. त्या निळ्या जाकिटातल्या माणसाला काय मिळतं? एकोणीस वर्षं सत्ता नाही, ठेके नाहीत, पद नाही. आपल्याकडचा कार्यकर्ता इतका थांबत नाही.

---

उत्तरवारा

मलाही हे कोडं होतं. सहकाऱ्याच्या आईशेजारी अशीच एक बाई राहते, पक्षाची पत्रकं टाकणारी. वय साठीच्या पुढे, नवरा त्या शिशाच्या कारखान्यात होता. तिला मी सरळ विचारलं. म्हणाली, "कारखाना गेल्यावर आमच्याकडे कोणी कधी काही मागितलंच नाही. यांनी मला विचारलं, तीन गल्ल्या करशील का?"

तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर त्या तीन गल्ल्यांची हाताने लिहिलेली यादी चिकटवलेली होती. काही नावांपुढे फुली, काहींपुढे जन्मतारीख. माझ्यासमोर तिने एका नावावर काट मारली, ती बाई आदल्या आठवड्यात वारली होती. मग मला कॉफी दिली, आणि माझ्या देशात आईवडिलांजवळ कोण आहे, हे विचारलं.